उजव्या पायाची सायकल

दौलतभाऊ सायकल विकायला काढतात, पण घेणाऱ्याला आधी घाबरवून सोडतात.

"पह्यले खोट लिहा, गुरुजी," असं म्हणून ते त्यांचा फोन माझ्या हातात देतात. मी सौंसरच्या सरकारी शाळेत चौथीला शिकवतो आणि त्यांच्या शेजारी राहतो. या दोन गुन्ह्यांसाठी त्यांच्या जुन्या सायकलींच्या ऑनलाइन लिलावाच्या जाहिराती लिहिण्याची शिक्षा मला झालेली आहे. लोक लिहितात, ‘उत्तम स्थितीत, फार कमी वापरलेली.’ दौलतभाऊ सांगतात, "लिहा, पुढचं चाक डावीकडं ओढते. मागचा ब्रेक लागते, पण उशिरा लागते. फोटोत रंग चांगला दिसून राहिला, तो उन्हाचा आहे. खरा रंग उडून गेला."

"अहो भाऊ, मग घेईल कोण?"

"नाई घेतली तं नाई घेतली. घरी नेल्यावर रडण्यापेक्षा त्यानं पह्यलेच रडून घ्यावं."

बसस्टँडमागे त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुरुस्तीही करायचे, तासावर भाड्यानंही द्यायचे. आमच्या वयाचं निम्मं सौंसर त्यांच्याच सायकलींवरून पडून शिकलं. मग निम्मं सौंसर मोटारसायकलवर बसलं आणि दौलतभाऊ पाटीखाली बसून राहिले; शेवटी त्यांनी शटर ओढून घेतलं. त्यांची बायको, आमच्या काकू, नातवाला सांभाळायला म्हणून मुलीकडे भोपाळला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. मुलगी सुषमा बँकेत आहे. रविवारी तिचा फोन येतो. "बाबा, ते भंगार काढून टाका आणि इकडे या." लिलावाचं अ‍ॅप तिनंच फोनमध्ये टाकून दिलं. दुकानात नऊ सायकली होत्या आणि मागची खोली सुट्या भागांनी भरलेली.

दर लिलावाची मुदत संपायची असली की भाऊ फोन पाण्याच्या माठाला टेकवून समोर बसत. पडद्यावर मिनिटं उतरत जात. "आटोपलं," ते म्हणत. अजून दोन तास असले तरी म्हणत. आणि बहुतेक वेळा ते आटोपलेलंच असे. कुणाचीही बोली नाही.

कधी चुकून काही विकलं गेलं, तर दुसरंच दुःख. कोलकात्याच्या एका माणसाला डायनामो पाठवताना भाऊंनी तो एवढ्या कापसात गुंडाळला की त्या माणसानं कळवलं, डायनामो मिळाला, उशीही मिळाली, आभार. एका पुण्याच्या गिऱ्हाइकानं सगळ्यात वरची बोली लावून काळी जेन्ट्स सायकल जिंकली. भाऊंनी मला विचारायला लावलं, कशासाठी पाहिजे? उत्तर आलं, हॉटेलच्या भिंतीवर टांगायला.

"टांगाले?" भाऊंनी काळ्या सायकलचं पायडल हातानं फिरवलं. "चालती सायकल? नाई म्हणा."

मी नाही म्हटलं. अ‍ॅपवाल्यांची ताकीद आली की असा व्यवहार पुन्हा मोडाल तर याद राखा. भाऊंना वाईट वाटलं ते ताकिदीचं नव्हे. जगात सायकल घेणारा एकच निघाला आणि तोही खिळा घेऊन निघाला, याचं.

शेवटी जाहिरात द्यायची एक लहान हिरवी लेडीज सायकल उरली. ती त्यांनी वर्षभर मागं सारून ठेवली होती. तिची डावी दांडी, म्हणजे पायडल जिला बसवतात ती, उजवीपेक्षा बरीच आखूड होती. पायडलवर लाकडाचा ठोकळाही होता. सुषमाचा डावा पाय लहानपणच्या तापात अधू झाला, आखूड राहिला. शाळा दूर, रोज कोण उचलून नेणार? भाऊंनी दांडी कापून, जोडून तिच्यापुरती सायकल केली. त्या सायकलवर ती बारावीपर्यंत शाळेत गेली, पुढे बसनं पांढुर्ण्याला कॉलेजला गेली आणि मग गेलीच.

"लिहा," भाऊ म्हणाले, "या सायकलवर सगळ्याईले बसता येत नाई. एका बाजूनं आखूड आहे."

बोली आली नाही. मुदत संपली की आम्ही पुन्हा टाकायचो. नऊ वेळा टाकली. दहाव्या वेळी एका दुपारी फोन वाजला आणि माठ हलला. बोली! राजस्थानातल्या कुणाची तरी. नावाच्या जागी अ‍ॅप फक्त दोन अक्षरं आणि चांदण्या दाखवायचं. मागोमाग त्याचा निरोप आला, "कौन से पैर की है?"

मी लिहिलं, बाएँ.

मग आलं, "मेरी बेटी का दायाँ है. आठ साल की है. माफ करना, जल्दी में बोली लगा दी."

मी वाचून दाखवलं. भाऊ उठून उभे राहिले, परत बसले. साऱ्या मुलुखात अशी सायकल मागणारा एक बाप सापडला आणि पाय दुसरा निघाला.

"त्याची बोली काढून टाका," ते म्हणाले.

"भाऊ, लिलाव पुरा होऊ द्या. पुरा झाला की त्याचा पत्ता आपोआप मिळतो. मग काय ते बोलता येईल."

"चुकीच्या पायाची बोली धरून ठेवू? काढा म्हणतो न."

काढली. लगेच म्हणाले, "आता लिहा, उजव्या पायाची मी बनवून देतो. माप पाठव म्हणा."

माप आलं. कमरेपासून टाचेपर्यंत दोन्ही पायांचं, सुतळीनं घेतलेलं. सुतळी पट्टीवर ठेवून काढलेला फोटोही होता, कडेला छोटीशी टाच दिसत होती. भाऊंनी तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. मग म्हणाले, "आपला नंबर देऊन टाका त्याले."

अ‍ॅपवर एकमेकांना नंबर द्यायची बंदी आहे. आकडे लिहिले की तिथं रेघा उमटतात. तेव्हा मीच शहाणपणा केला. आकडे अक्षरांत लिहिले, मधे मधे ‘नमस्कार’, ‘कुशल’ असे शब्द पेरून. भाऊ म्हणाले, "मास्तर तो मास्तर."

मशीननं तो निरोप अडवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खातं बंद. नियमभंग, आधीची ताकीद, निर्णय अंतिम. निरोप गेले, माप गेलं, सुतळीचा फोटो गेला, माणूसही गेला. मी इंग्रजीत तीन अर्ज पाठवले. तिन्हींना मशीनचं एकच उत्तर आलं, संपर्क केल्याबद्दल आभारी आहोत. भाऊंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

माप मात्र त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी दुकानाचं शटर पुन्हा उघडलं. उजव्या बाजूची दांडी चेनच्या चाकाला जोडलेली असते. ती आखूड करणं डावीपेक्षा कितीतरी अवघड. एक मोडली, दुसरी वाकडी आली. जवळच्या रामाकोन्याहून जुनी सायकल आणून तिची काढली. तीन आठवड्यांनी लाल सायकल उभी राहिली. मी माझ्या नावानं खातं काढलं.

"काय लिहू?"

"हिच्यात खोट नाई," भाऊ म्हणाले. "फक्त उजवा पाय, एवढंच मोठं लिहा. त्याले दिसलं पाह्यजे."

त्याला दिसलं नाही. निदान कळवलं तरी नाही. मी दर पंधरवड्याला ती जाहिरात पुन्हा टाकत राहिलो. दरम्यान जयपूरच्या एका प्रदर्शनवाल्यानं बोली लावली, ‘अजब वस्तू’ म्हणून. ती आम्ही दोघांनी मिळून काढली.

वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी मी शाळेतून येताना त्यांनी हाक मारली. "गुरुजी, तुमच्या वर्गातल्या पोरी वर्षात किती वाढते जी?"

"ते कोण मोजतं, भाऊ?"

"मोजा न जरा. ती राजस्थानातली पोरगी आता नऊची झाली असंन. माही सुषमा त्या साली दीड बोट वाढली होती. पण एकाच पोरीवरून कसं धरू?"

मग ते बोलत गेले. पहिलीपासून दहावीपर्यंत कोणत्या साली तिचा चांगला पाय किती वाढला, दुसरा किती मागे राहिला, दांडी किती कमी केली, सीट किती वर घेतली. सारं तोंडपाठ.

"सुषमाला आठवतं हे?"

"तिले कायले आठवंन? समजूच नाई दिलं. उन्हाळ्यात मोहगावले मामाकडं गेली का मी बदलून ठेवत होतो. तिले वाटे, सायकल तशीच आहे." ते फडक्यानं हात पुसत राहिले. "फरक वाढून राहिला, हे तिले सायकलवर कधी दिसलं नाई पाह्यजे, एवढंच."

शुक्रवारी मी मागच्या वर्षीच्या आरोग्य तपासणीचं रजिस्टर काढलं आणि वर्गातल्या अकरा मुली भिंतीला उभ्या केल्या. सायकलसाठी मोजतोय म्हटल्यावर अकराही जणींनी टाचा उचलल्या. पुन्हा मोजावं लागलं.

संध्याकाळी आकडा कागदावर लिहून दिला. भाऊंनी कागद लांब धरून वाचला. लाल सायकलच्या सीटखालचा नट सैल केला, सीट बोटभर वर घेतली, घट्ट केली. मग उजवी दांडी आणखी आखूड करायची म्हणून तिची पिन ठोकून काढायला खाली बसले.

"धरा जरा," ते म्हणाले.

मी पिशवी खाली ठेवली आणि सायकल सरळ धरून उभा राहिलो.