दुसरा नंबर

फोन उचलून ‘हॅलो’ न म्हणणारा माणूस अख्ख्या नेर गावात एकच, आमचे मनोहरभाऊ. फोन कानाला लागला की यांचा पहिला शब्द, ‘कोनासाठी?’ आणि हे स्वतःच्याच फोनवर, बरं का.

कापूस नोंदणीच्या कचेरीत त्यांचं टेबल माझ्या शेजारी. बोंडअळीनं शिवारं पोखरलेली ती वर्षं. उरलासुरला कापूस खरेदी केंद्रावर घालायचा तर आधी संगणकावर फॉर्म भरायचा, आणि तो फॉर्म मनोहरभाऊंनी बनवलेला. कोणत्या रकान्यात काय चालेल, याचे साचे त्यांनी स्वतः लिहिले होते. ते इतके कडक, की साक्षात यमदूत नोंदणीला आला असता तर तीनदा परत जाऊन चौथ्यांदा रेड्याचा सातबारा घेऊन आला असता.

चूक झाली की पडद्यावर लाल अक्षरांत खुद्द मनोहरभाऊ बोलत. ‘नावात आकडा कायले, भाऊ?’ ‘मोबाइलले दहा आकडे असतात, मोजून पाह्य.’ एका निवृत्त गुरुजींनी नावाआधी श्री लावलं, तर फॉर्म म्हणाला, ‘श्री लोकायनं म्हनावं, आपुन नाही.’ गुरुजी तालुका सोडून निघाले होते. मीच स्टँडवरून वळवून आणले.

घरीही तोच कायदा. दारावर थाप मारली की आतून विचारणा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, याच क्रमानं. मी एकदा आडनाव आधी सांगितलं, तर अर्धा तास ओट्यावर. नंतर चहा मिळाला. दुसऱ्या कपावरची धूळ मात्र त्यांना आधी धुवावी लागली.

सगळ्यांत जहाल साचा दुसऱ्या नंबरचा. केंद्रावरून पाळी सांगायला केलेला फोन लागला नाही की शेतकऱ्याची पाळी गेली. म्हणून प्रत्येकानं आणखी एक नंबर द्यायचा, आणि तो स्वतःचा नको. तांड्यावरची एकटी जमनाबाई म्हणाली, ‘मले कोन हाय, बाप्पा?’ मनोहरभाऊंनी आपला नंबर टाकला. मग अशी माणसं येतच राहिली. दिवसभर यांचा फोन वाजायचा. ‘कोनासाठी?’ विचारायचे, चिठ्ठीवर नाव आणि दिवस लिहून खिशात ठेवायचे, आणि कचेरी सुटली की सायकलवरून निरोप वाटत फिरायचे.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी बोरी अरब गावातल्या आपल्या दोन एकरांचा फॉर्म उघडला. दुसऱ्या नंबरापाशी हात थांबला. बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःचाच पुन्हा टाकला. पडद्यावर त्यांचीच लाल अक्षरं आली: ‘हा त तुमचाच नंबर. दुसरं कोनी हाय का नाही?’

तेवढा एक नियम काढून टाका, मी म्हणालो.

‘आपल्यासाठी मोडला, त साचा कायचा?’ म्हणाले, आणि फॉर्म बंद करायला लागले.

मी त्यांचा कीबोर्ड ओढला आणि माझा नंबर टाकला. फॉर्म गेला.

आठ दिवसांनी केंद्रावरून मला फोन. मनोहररावांची उद्या पाळी आहे, पण त्यांचा नंबर सकाळपासून बिझीच लागतो म्हणे. मनोहरराव माझ्यापासून दोन हातांवर, दुसऱ्याच कुणाचा निरोप लिहून घेत होते. मी उठून व्हरांड्यात गेलो आणि त्यांचा फोन मोकळा झाला तसा लावला.

‘कोनासाठी?’

‘तुमच्यासाठी, भाऊ. उद्या तुमची पाळी.’

पलीकडून पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज. मग म्हणाले, ‘पूर्ण नाव सांगा.’

मी त्यांचंच सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अगदी क्रमानं. खिडकीतून दिसत होतं: त्यांनी नवी चिठ्ठी घेतली, स्वतःचं नाव लिहिलं, खाली ‘उद्या’ लिहिलं, आणि घडी करून खिशात ठेवली.

फोन मात्र कानालाच होता.