बापूरावांच्या पाहुण्यांच्या माहेरचा माणूस

थंडी पडू लागली की एका सकाळी बापूराव आमच्या फाटकाशी लुना थांबवतात, गोरसपाक बिस्किटांचा पुडा पुढे करतात आणि ओरडतात, "सर, पाहुणे आले!"

वर्ध्याजवळच्या नालवाडीत मी नवा होतो तेव्हा हे ऐकून बायकोला चहा टाकायला सांगितला होता. बापूराव म्हणाले, "घरी नाई, सर. तलावावर!"

पाहुणे म्हणजे पट्टकदंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून आमच्या सेलूकडच्या तलावावर उतरतात. त्यांना पक्षी म्हटलेलं बापूरावांना खपत नाही. एकदा काही पोरं काठावर मोबाईल उंचावून त्यांचे फोटो काढत होती. बापूराव मध्ये जाऊन उभे राहिले.

"ओळख हाय का तुमची त्याइच्याशी?"

"नाही, काका."

"मंग लोकाइच्या तोंडासमोर मोबाईल काऊन धरून राह्यले?"

पोरं मोबाईल खिशात टाकून निघून गेली. बापूराव हंसांकडे वळून म्हणाले, "तुम्ही जेवा निवांत."

बापूराव एसटीत ड्रायव्हर होते. वर्धा ते कारंजा घाडगे या रस्त्यावर जन्म गेला. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "गाडी फुल होती." धाकट्या भावंडांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली; ती पुण्या-बंगलोरला गेली आणि तिकडचीच झाली. हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. बापूराव स्वतः बोलतात ते फक्त पाहुण्यांबद्दल.

मागच्या हिवाळ्यात वर्ध्याच्या एका कॉलेजात पक्षी-गणना आणि संवर्धनावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून मला दुभाष्याचं काम दिलं. बोलता बोलता मी बापूरावांना सांगितलं, की मंगोलियाचे एक शास्त्रज्ञ येणार आहेत आणि हे हंस तिकडच्याच तळ्यांवर अंडी घालतात. बापूरावांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"म्हंजे माहेरचा माणूस येऊन राह्यला! आणि तुम्ही मले आत्ता सांगता?"

परिषदेला ते फेटा बांधून, हातात नारळ घेऊन आले. व्याह्यांच्या स्वागताला निघाल्यासारखे. मी त्यांना माझ्या शेजारी बसवून घेतलं.

शास्त्रज्ञ चांगलेच वयस्क, लालबुंद गालांचे, अबोल गृहस्थ निघाले. त्यांनी पडद्यावर हंसांचा सगळा मार्ग दाखवला. भाषणानंतर प्रश्न सुरू झाले. कुणी ट्रान्समीटरच्या वजनाबद्दल विचारलं, कुणी बदलत्या हवामानाबद्दल. मग बापूराव उठले.

"सर, त्याइले विचारा, यंदा पाठवाले इतका उशीर काऊन केला?"

सभागृह हसलं. आयोजक माझ्याकडे डोळे वटारून पाहू लागले. मी घसा खाकरून भाषांतर केलं. मंगोलियाचे पाहुणे मात्र हसले नाहीत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा आमच्याकडे तळी उशिरा गोठली, म्हणून ते रेंगाळले. तुम्हाला वाट पाहावी लागली, माफ करा."

मी ते मराठीत सांगितलं. बापूरावांनी मान डोलावली. "असू द्या. सुखरूप पोचले ना, बस. उद्या दुपारी जेवाले येजा म्हणा."

दुसऱ्या दिवशी बापूरावांच्या घरी जेवायला ते दोघे आणि मी. बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकर. ताटं इतकी नवी, की कडेचे स्टिकरही निघाले नव्हते. पहिल्याच घासाला पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बापूराव घाबरले. पाहुण्यांनी नाक पुसलं आणि वाटी पुढे केली, अजून वाढा.

त्यानंतर बराच वेळ मला दुभाष्याचं काम उरलं नाही. बापूरावांनी दोन्ही हात पसरून हंस कसा उतरतो ते दाखवलं. पाहुण्यांनी उठून त्यांची मान जरा पुढे ओढून दिली. दोघंही खूश.

हात धुताना पाहुण्यांनी मला विचारलं, "घरात अजून कोण कोण असतं?"

मी प्रश्न मराठीत सांगितला. बापूरावांकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असतं. आज ते रश्शात डाव उगाच फिरवत राहिले.

"सांगा त्याइले," ते शेवटी म्हणाले, "मी एकटाच हावो."

 पाहुण्यांनी भिंतीलगतच्या खाटेकडे बोट केलं. भारतात आल्यापासून त्यांना हॉटेलात झोप लागत नव्हती. इथं थोडं पडलं तर चालेल का?

बापूरावांची धांदल उडाली. पेटीतून धुतलेली चादर निघाली, दोन उशा निघाल्या, खिडकी लागली. पाहुण्यांनी बूट काढले, पाठ टेकली आणि बघता बघता घोरू लागले.

थोड्या वेळानं त्यांना न्यायला कॉलेजची गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बापूराव अनवाणीच फाटकाकडे धावले.

"हळू ना बाप्पा!" ते कुजबुजले. "घरात माणूस झोपला हाय."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. बापूराव परत येऊन उंबरठ्यावर बसले आणि आतल्या घोरण्याकडे कान देऊन ऐकत राहिले. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता घरी निघालो.