पाठराबेंचं व्हेनिस

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत दर पावसाळ्यात तळमजल्याच्या क्वार्टरांत पाणी शिरत असे. कारण सर्वांना ठाऊक होतं: मागचा नाला तुंबलेला होता. उपायही सर्वांना ठाऊक होता, म्हणूनच त्याचा सखोल अभ्यास करणं गरजेचं ठरलं. शेकडो वर्षं पाण्यात टिकलेलं शहर म्हणून अभ्यासदौऱ्यासाठी व्हेनिसची निवड झाली आणि महाव्यवस्थापक सक्सेना साहेबांसोबत तांत्रिक सदस्य म्हणून अभियंता दत्तात्रय पाठराबे यांची नेमणूक झाली.

पाठराबे मूळचे नागपूरचे, स्वभावानं भिडस्त. पाणी त्यांच्याही क्वार्टरात होतं. निघताना पत्नी विमलताई खराट्यानं ते बाहेर लोटत म्हणाल्या, "अहो, एवढ्या लांब जाण्यापेक्षा नाला उपसून घ्या ना!"

"ते विचाराधीन आहे," असं म्हणून पाठराबे बूट हातात घेऊन बाहेर पडले.

व्हेनिसलाही पाऊस कोसळत होता. चौकात घोटाभर पाणी, त्यावर लाकडी फळ्या आणि फळ्यांवरून छत्र्या सांभाळत चाललेली खुशीतली माणसं. पाठराबे चिंब भिजले, मोजे निथळू लागले, आणि त्यांना घरची फार आठवण आली. इथलं पाणी भरतीचं आहे, ओहोटीला आपसूक उतरतं, हे त्यांनी चौकशी करून जाणून घेतलं होतं. साहेब मात्र नावेत बसून भारावले होते.

"पाठराबे, देखो! ये लोग पानी निकाल ही नहीं रहे."

"सर, यहाँ समुद्र है। अपने यहाँ तो नाला..."

"पानी पानी होता है। हमारी समस्या पानी नहीं, दृष्टिकोण है।"

पाठराबेंची बढती याच साहेबांच्या हाती होती. त्यांना दृष्टिकोन तत्काळ पटला.

परतल्यावर नाल्याचं नामकरण 'कालवा' असं झालं. दारोदार फळ्या आल्या. तळमजला 'जलाभिमुख' श्रेणीत गेला. वरचा मजला मागणाऱ्यांना कळवण्यात आलं की मिळालेली सुविधा नाकारण्याची नियमात तरतूद नाही. विमलताईंनी घरातलं पाणी बादलीनं बाहेर टाकलं, तेव्हा सुरक्षारक्षकानं त्यांना हटकलं. कालव्याची पातळी विनापरवाना वाढत होती. रविवारी शहरातल्या अवधपुरी, अरेरा कॉलनीहून लोक नौकाविहाराला येऊ लागले. पाठराबेंना बढती मिळाली.

पावसाळा सरला आणि कालवा आटू लागला. असं व्हेनिसमध्ये साहेबांनी पाहिलं नव्हतं, त्यामुळे अहवालात त्यावर उपाय नव्हता. अखेर टँकर लावण्यात आले. उन्हाळ्यात घरांतले नळ कोरडे पडले, तरी कालवा काठोकाठ होता.

एका रविवारी विमलताई बादली घेऊन टँकरपाशी गेल्या.

"भैया, एक बाल्टी दे दो। घर में पीने को नहीं है।"

"मैडम, ये पीने का नहीं, हेरिटेज का है।"

विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. टँकर रिकामे करून घेण्याची जबाबदारी पाठराबेंचीच होती. "विमल, लोक बघताहेत गं," एवढंच ते पुटपुटले.

"बघू देत!" विमलताईंनी पाइप ओढून बादलीत घातला.

तोच नावेच्या रांगेतून शुद्ध मराठीत आवाज आला, "अहो बाई, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय!"

आवाज कुणाचा, ते पाठराबेंना कळलं नाही. तुम्ही रांगेतच होतात. तुम्हाला आठवत असेल.