शिवलकर सरांची व्हेलीइटी

आमच्या शेजारच्या शिवलकर सरांसमोर "करायचं मनात आहे हो" असं चुकूनही म्हणू नये. म्हटलंत की मेलात! सर चष्मा कपाळावर चढवतात, डॉक्टर बघतो तसं तुमच्याकडे बघतात आणि निदान सांगून टाकतात, "व्हेलीइटी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोटाचा काही विकार असेल.

सरांनी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. मीही त्यांच्या हातचा मार खाल्लाय. निवृत्त झाल्यावर मात्र बाकी सगळे शब्द सोडून ते या एकाच शब्दाच्या नादाला लागले. "शब्दकोश चाळताना भेटला गं," म्हणाले, "आणि वाटलं, अरे, हा तर आपल्या वाडीतलाच!"

"पण म्हणजे काय, सर?"

"इच्छा असते, सुनंदा. पण इतकी अशक्त, की उठून उभी राहत नाही. अंथरुणातूनच पाणी मागते."

वापराच्या बाबतीत माणूस महाकडक. आमचा दीर दिवसभर पडवीत लोळतो, म्हणून मी म्हटलं, "याला झालीय बघा तुमची व्हेलीइटी." सर भडकले. "छट्! तो नुसता आळशी. आळशाला मुळात इच्छाच नसते!" गटार दुरुस्त करू म्हणणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते आश्वासन. त्यात इच्छा शोधू नकोस." आणि आमचे हे? समुद्राच्या कुशीत जन्म गेला, पोहायला शिकायचंय म्हणता म्हणता केस पिकले, अजून गुडघ्याच्या वर पाणी नाही. सर आनंदाने मांडीवर थाप मारून म्हणाले, "ही अस्सल! हापूसच्या पेटीत कर्नाटकचा आंबा नव्हे!"

मी थट्टा करायची खरी, पण आतून थक्क व्हायची. चुलीपुढे बसल्याबसल्या माझ्या मनात येऊन विझून गेलेल्या किती गोष्टींना नाव नव्हतं! कुठल्या परक्या मुलखात कुणाला तरी हेच वाटलं असेल आणि त्याने नाव ठेवलं. 

मग शिमग्यात तो प्रसंग घडला. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. अंगणात पालखी टेकली की जाणता माणूस घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे हुंकार भरतात. त्या वर्षी म्हाताऱ्या मानकऱ्यांचा घसा बसला होता. ते म्हणाले, "सर, आवाज तुमचा खणखणीत. घाला तुम्हीच."

सर पुढे झाले. "बा देवा म्हाराजा! आज जी काय तुजी सेवा क्येली, ती गोड मानून घ्ये रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि हितल्या समद्यांच्या मनात जी काय व्हेलीइटी आसंल, ती मुळासकट उपटून खाडीत बुडव रं म्हाराजा!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ढोलवाल्यासकट सगळी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

तेव्हापासून गाऱ्हाणं सरांचंच. मासे विकणारी पारूमावशीसुद्धा आता विचारते, "सर, पोरग्याची व्हेलीइटी कदी उतरंल वो?"

पण सरांची स्वतःची? ती सगळ्या वाडीला ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांच्या लेकीने, मेधाने, मनासारखं लग्न केलं. सर लग्नाला गेले नाहीत. ती खाडीपलीकडे वेळणेश्वरला पर्यटकांसाठी खोल्या चालवते. भांडण असं नाहीच. "बाबा, वाटेल तेव्हा या," एवढंच ती म्हणाली होती. बायको वारल्यापासून सर घरात एकटे.

मी कोकमाचं आगळ करते आणि पलीकडच्या घरगुती खानावळींना पोचवते, मेधालाही. एकदा जयगडच्या जेटीवर पाहते तर सर बाकावर. हातात पिशवी, पिशवीत आंबूस वास मारणारे पिकून गेलेले चिकू. फेरीबोट आली, गेली. सर हलले नाहीत.

"येताय का पलीकडे?"

"नाही गं. बोट बघायला आलो होतो." आणि परतीची एसटी धरली.

या वर्षी शिमग्यात मेधाचा फोन आला. "काकू, उद्या मुलीचं बारसं आहे. बाबांना 'चला' म्हणू नका. नुसतं सांगा."

मी सांगितलं. सर तुळशीला पाणी घालत होते. "बघू," म्हणाले. तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, तरी धरूनच उभे.

त्याच दुपारी पालखी आली. सरांनी सगळ्यांचं मागितलं. पारूमावशीच्या पोराला नोकरी, आमच्या ह्यांना पोहणं, कुणाच्या गाईला वासरू. मग नमस्कार करून मागे सरले. भोई पालखी उचलायला वाकले आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"थांबा! सरांचं राहिलं."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. सासूबाईंनी डोळे वटारले. पण तोंड उघडलं होतं, आता मिटणार कसं?

"बा देवा म्हाराजा! ह्या मान्सानं आमच्या समद्यांसाटी मागितलान, सोतासाटी कदी नाय. उद्या त्याच्या नातीचं बारसं हाय. त्येला लेकीच्या दारात नेऊन उबा कर रं म्हाराजा!"

भोई वाकलेले तसेच थांबले. मला वाटलं, झालं, गेली अब्रू. मग ते म्हातारे मानकरीच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि पाठोपाठ सगळं अंगण.

सर मान खाली घालून उभे होते. 

सकाळी आमच्या दारात सर, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. "तूही चल. एकटा गेलो तर जेटीवरून माघारी येईन."

फेरीबोटीत ते कठडा धरून उभे राहिले. इंजिन धडधडलं, पुढची गाड्या चढायची लोखंडी फळी वर उचलली गेली आणि बोट आणि जेटी यांच्यात पाणी दिसू लागलं. सर ते पाणी रुंदावताना बघत होते.

"सुनंदा, आता उतरता नाही ना येणार?"

"नाही, सर."

"बरं झालं, बाय," ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत, लहान मुलासारखे रडायला लागले.