मुक्या बिया

"एकदा कान तपासून घ्या," एवढंच काकू म्हणाल्या होत्या. यावर शहाण्या माणसानं फार तर "बघू" म्हणावं आणि पेपरात तोंड खुपसावं. पण टेलिफोनकाकांना ते जमायचं नाही. त्यांची उभी हयात टेलिफोन खात्यात गेली. रिसीव्हर कानाला लावला की नुसत्या खरखरीवरून बिघाड कुठल्या खांबावर आहे ते सांगणारा माणूस, आणि त्याच्या कानांवर संशय? तोही घरातल्यांनी घ्यावा?

"माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच सगळे तोंडातल्या तोंडात बोलता," काका गरजले. (त्यांच्या मते ते हळूच म्हणाले.)

"दाराची बेलसुद्धा?" मुलीनं विचारलं. तिनं डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती, सोमवार सकाळची.

त्याच सुमारास काकांनी घरी कॉफी भाजायचं डोक्यात घेतलं होतं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या आवाजात लावला, की अख्खी इमारत कॉफी भाजायला शिकली. कच्च्या हिरव्या बिया कढईत हलवत राहायच्या. त्या पिवळ्या होतात, तांबूस होतात आणि मग तडतड फुटू लागतात. फुटल्या की जरा वेळानं उतरवायच्या, नाहीतर कोळसा. "हे कानांचं काम आहे," असं व्हिडिओतला माणूस म्हणाला मात्र, काकांनी मांडीवर थाप मारली.

"रविवारी भाजतो. बी फुटलेली मला ऐकू आली, तर डॉक्टर रद्द. नाही आली, तर निमूट येईन. पण कुणी बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत!"

"मंजूर," काकू म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा काकांना ऐकू गेलं.

रविवारी घरात कर्फ्यू लागला. पंखे बंद, मिक्सर बंद, फ्रिजची पिन काढलेली. बाहेरचा आवाज नको म्हणून खिडक्याही बंद. काकांनी कढई चढवली आणि झारा फिरवायला सुरुवात केली. बियांची सालं उडून नुकत्याच पुसलेल्या ओट्यावर बसू लागली. धूर छतापर्यंत गेला, तिथून खाली यायला लागला. नाकाला रुमाल लावून मायलेकी दारात उभ्या राहिल्या.

तड्.

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

तड्, तड्, तडतडतड.

"अजून हूं नाही की चूं नाही," काका कढईवर कान तिरका करून म्हणाले. "चांगल्या मालाला वेळ लागतो."

काकूंचा जीव खालीवर होत होता. पैज त्या जिंकल्या होत्या, पण कढईही त्यांचीच होती. बोलावं तर अट मोडते, गप्प बसावं तर घर पेटतं! शेवटी काकांना नाकानं खबर दिली. कढईत शुद्ध कोळसा होता.

"मुक्या निघाल्या बिया. दुकानदारानं फसवलं," असं म्हणून काकांनी दुसरा घाणा टाकला. त्याचंही तेच झालं. तिसरा टाकून त्यांनी सरळ दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर.

"तुमच्या बिया फुटतच नाहीत हो!"

"असं कसं होईल काका? जरा फोन कढईजवळ धरा बघू."

काकांनी धरला.

"अहो, फुटतायत की! मस्त फुटतायत! उतरवा, उतरवा, करपतील!"

काकांनी कढईकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. तो बंद करून ते शांतपणे म्हणाले, "लाइनवर खरखर आहे."

मग मात्र काकूंचा बांध फुटला. "खरखर? तो तिकडे दुकानात बसून ऐकतोय आणि तुमचं डोकं कढईत आहे! ओटा गेला, कढई गेली, पडदे वर्षभर धुरकट वास मारतील. उद्या डॉक्टर! एक शब्द नको!"

काका गॅस बंद करून स्टुलावर बसले. त्यांना फार वाईट वाटलं. "कधी गेले गं कान? कळलंच नाही मला."

"हळूहळू गेले," काकू खिडकी उघडत म्हणाल्या. "मीही हळूहळूच ओरडायला लागले."

सोमवारी डॉक्टर झाले, आठवडाभरात कानात यंत्रही बसलं. पुढच्या रविवारी काकांनी पुन्हा कढई चढवली. पहिली बी तड् करताच ते असे उडाले की झारा हातातून सुटला. "ऐकली! ही दुसरी! ही तिसरी!" बिया वेळेवर उतरल्या. रात्रभर निवल्या, सकाळी दळल्या, आणि काकांनी स्वतःच्या हातानं कॉफी करून मायलेकींपुढे ठेवली.

"वा! झकास झालीय हो," काकू म्हणाल्या आणि कप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मुलगीही मागोमाग गेली.

काका खुर्चीत ऐटीत रेलले. आत नळ चालू होता, मध्ये दोन भिंती होत्या, आणि काकू अगदी कुजबुजत होत्या. तरी काकांना अक्षर न् अक्षर स्पष्ट ऐकू आलं.

"करपलेलीच बरी होती गं. ती निदान टाकून देता येत होती. ही आता रोज प्यावी लागणार."