मालक येनार

दिवा स्टेशनजवळचे आमचे घरमालक जनूदादा रस्त्यात पडलेल्या वस्तूंना भितात. कुणाची छत्री पडलेली दिसली, तर फणा काढलेला नाग दिसल्यासारखे लांबून वळसा घालतात. "उचलू नको रे! मालक येनार!" हे त्यांचं पालुपद. मिठागराच्या जागेवर दोन बिल्डिंगा उभ्या केलेला हा माणूस गच्चीवर उडून आलेला शेजाऱ्याचा टॉवेलसुद्धा चिमट्याने धरून परत करतो.

अशा माणसालाच टाकीसाठी खणताना चिखलात बिल्ला सापडावा!

चांदीचा होता. एका बाजूला राणीचं तोंड, दुसऱ्या बाजूला समुद्रघोड्यावर बसलेली बाई. मी मोबाइलवर शोधून काढलं. शिडाच्या लढाऊ जहाजांवर बंदूक घेऊन लढलेल्या गोऱ्या इंग्रज शिपायांना मिळालेलं पदक. कडेला शिपायाचं नाव कोरलेलं. इथे खाडीकाठी कसं आलं, देव जाणे.

"नाव हाय?" दादांचा चेहरा उतरला. "मंग मालक हाय. मालक हाय म्हंजे येनार."

"अहो दादा, तो कधीच मेला!"

"मंग तर कंदीबी येनार. त्याला तिकीट नाय लागत."

तेव्हापासून पदक देव्हाऱ्याखाली आणि दादा दाराकडे तोंड करून सोफ्यावर. जिन्यात बूट वाजले की टीव्ही बंद. कुरियरवाल्याचीही खिडकीतून उलटतपासणी. वहिनी वैतागल्या, "खाडीत फेका एकदाचा!"

"दुसऱ्याची वस्तू फेकू?"

मी हसायचो. पण भीतीचीही लागण होते. जिन्यात जड पावलं वाजली की माझाही हात कडीवर थबकायला लागला.

परवा दुपारी टँकरचं विचारायला मी त्यांच्याकडे गेलेलो. बेल वाजली. खिडकीतून बघून दादा भिंतीला टेकले. मी डोकावलो. दारात सहा फुटी गोरा! मीही एक पाऊल मागे सरलो. मग दिसलं, भगवं धोतर, कपाळाला गंध, खांद्याला दारोदार विकायच्या धार्मिक पुस्तकांची झोळी.

मी काही बोलायच्या आत दादांनी पदक ताटात ठेवून दार उघडलं.

"घे बाबा तुजा. सांबालून ठेवलाय. आमाला काय करू नको."

गोऱ्याने ते उलटसुलट पाहिलं. "ये मेरा नहीं है. मैं रशिया से."

माझा जीव भांड्यात पडला. दादांनी मात्र त्याचं मनगट धरलं.

"तुजा नाय तर त्याच्या घरच्यांना सांग. गावला म्हनून सांग. आमच्या थोरल्या भावाची होडी खाडीत गेली. तो नाय गावला, कमरेचा चांदीचा करदोराबी नाय. कोनाला तरी गावला असंल, त्यानं ठेवून घेतला. आय मरंपर्यंत ओट्यावर बसून ऱ्हायली."

इतकी वर्षं मी त्यांचा भाडेकरू, पण त्यांना भाऊ होता हे मला माहीत नव्हतं.

"दादा," मी हळूच म्हटलं, "हा रशियाचा. तो शिपाई दुसऱ्या मुलखाचा."

"समुद्र तर एकच ना?"

गोऱ्याला किती कळलं कोण जाणे. चपला काढून तो दादांच्या शेजारी बसला, झोळीतून पेन काढलं आणि कडेवरचं नाव एकेक अक्षर करून आपल्या तळहातावर उतरवू लागला. दादा वाकून बघत होते, एखादं अक्षर सुटत तर नाही ना.