शेंडाजीरावांची उडी

मुलांनो, नीट बसा. चुळबुळ नको. एका जंगलात, म्हणजे कुठल्या ते विचारायचे नाही, शेंडाजीराव नावाचे एक गृहस्थ राहत होते. हे गृहस्थ वानर होते. त्यांना चिंचाबाई नावाची बायको आणि टणकू व पिंगी अशी दोन मुले होती. शेपट्या सोडल्या तर घर तुमच्याआमच्यासारखेच.

जंगलाच्या कडेला एक घळ होती. खाली दगड आणि थोडेसे पाणी. पलीकडे उंबरांची झाडी. तरुणपणी शेंडाजीरावांनी ही घळ एका उडीत ओलांडली होती. असे ते स्वतः सांगत. रोज संध्याकाळी, जेवण झाले की, मुले मागोत न मागोत, सांगत.

"तेव्हा आम्ही काय होतो!" ते सुरुवात करीत. "खाली वाघ आ वासून बसलेला. वारा उलटा. मी मागे वळून पाहिलं नाही. हुप्प केलं आणि झेप घेतली. मध्यावर गेल्यावर कळलं, अंतर फार आहे. मग मी काय केलं?"

"शेपटी डावीकडे फिरवली," मुले म्हणत. त्यांना सगळे पाठ होते.

"शाब्बास! फिरवली आणि हवेतल्या हवेत आणखी एक उडी मारली."

वर्षागणिक घळ रुंद होत गेली. गोष्टीतली, म्हणजे. सुरुवातीला पलीकडची उंबरे दिसत असत. पुढे पुढे पलीकडचा काठच दिसेनासा झाला. वाघाने आपला भाऊही आणून बसवला. चिंचाबाई शेजारी शेंगा सोलत सारे ऐकत. त्या काही बोलत नसत.

"बाबा, मी पण उडी मारू?" टणकू विचारी.

"खबरदार! पडशील. फांदी ओली आहे. हात धर माझा."

त्या जंगलातले सगळेच बाप तरुणपणी भयंकर धाडसी होते. त्यामुळे त्यांच्या मुलांना झाडावर एकटे चढायची परवानगी नव्हती. मुलांना उड्यांच्या क्लासला घालत. हा क्लास जमिनीवर भरे. मास्तर मातीत फांदी आखून देत, मुले तिच्यावरून चालत जात आणि वर्षाच्या शेवटी सर्वांचा पहिला नंबर येई. घळीकडे तर मुलांना कोणी फिरकूही देत नसे. टणकू आणि पिंगीने ती कधी पाहिलीच नव्हती.

मग एका उन्हाळ्यात भर दुपारी वणवा लागला. सगळे जंगल घळीकडे पळाले.

पळता पळता शेंडाजीराव मागे मागे राहू लागले. कारण मुलांनो, ती उडी त्यांनी मारलीच नव्हती. तरुणपणी ते काठावर उभे राहिले होते. त्यांनी खाली वाकून पाहिले होते. मग ओढ्याच्या वाटेने लांबचा वळसा घालून ते पलीकडे गेले होते. उंबरे मात्र पोटभर खाल्ली होती. आता ओढ्याची वाट पेटली होती. त्यांना आगीची भीती वाटत होती, घळीची तिच्याहून जास्त, आणि मुलांना कळेल याची सगळ्यांत जास्त.

काठावर मुले थबकली.

"बाबा, ही कुठली?" टणकूने विचारले.

"घळ."

"ही नाही. तुमची घळ कुठंय?"

"हीच ती."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले.

"एवढीशी?" पिंगी म्हणाली.

"थांब, आधी मी नीट समजावून सांग..." शेंडाजीराव म्हणेपर्यंत पिंगी पलीकडे पोचलीसुद्धा. मागोमाग टणकू गेला. मग आजूबाजूची सगळी पोरे टणाटण उड्या मारत गेली. त्यांच्याही बापांच्या गोष्टींतल्या घळी अशाच रुंद होत्या.

"आता तुम्ही," चिंचाबाई म्हणाल्या.

"अगं, मागे कुणीतरी थांबायला हवं. देखरेख नको का?"

"अहो, मला ठाऊक आहे. तुम्ही ओढ्याच्या वाटेनं आलात ना, तेव्हा मी उंबरावरच बसले होते."

"तू तिकडे कशी गेलीस?"

"उडी मारून. आणखी कशी जाणार?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमच्या गोष्टीनं मुलं लवकर झोपायची. चला, शेपटीला चटके बसताहेत." आणि चिंचाबाईही पलीकडे गेल्या.

एव्हाना बाकीची मोठी मंडळीही पलीकडे पोचली होती. शेंडाजीराव एकटे उरले. समोरून मुले ओरडत होती, "बाबा, हुप्प करा! मागे बघू नका!"

त्यांनी हुप्प केले. आवाज फारसा निघाला नाही. डोळे मिटले आणि उडी मारली.

"शेपटी डावीकडे!" मुले किंचाळली.

त्यांनी ती फिरवली. त्याने काहीही झाले नाही, फक्त ते स्वतःभोवती गिरकी घेऊन पलीकडच्या काठावर पोटावर आपटले. हाताला एक मूळ लागले. चिंचाबाईंनी आणि मुलांनी त्यांना ओढून वर घेतले.

पोट सोलवटले होते. तरी शेंडाजीराव हसत होते आणि रडतही होते. एवढा आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता. त्यांनी उडी मारली होती! खरोखरची! बायकोमुलांच्या समोर!

संध्याकाळी आग विझत आली. सगळे उंबराखाली बसले. शेंडाजीराव खाकरले.

"मुलांनो, आज खरं सांगतो. धूर होता. घळ तशी बेताचीच. पण मला फार भीती वाटली. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती. तरी मी डोळे मिटले, उडी मारली..."

टणकूने जांभई दिली. "बाबा, आम्ही तिथंच होतो."

"आणि तुम्ही आपटलात," पिंगी म्हणाली. "ही नको ना. ती खरी सांगा. वाघांची."

शेंडाजीरावांनी चिंचाबाईंकडे पाहिले.

"सांगा," त्या म्हणाल्या. "दमलीत पोरं."

शेंडाजीरावांनी सोलवटलेल्या पोटावरून हात फिरवला. पोटाची आग होत होती.

"तेव्हा आम्ही काय होतो," ते शेवटी म्हणाले. मुले सरसावून बसली.

तात्पर्य : मुलांशी कधीही खोटे बोलू नये. बोलायचेच झाले तर भरपूर बोलावे, थोडक्या खोट्याने मुलांना घळ ओलांडता येत नाही. खरा पराक्रम मात्र मुलांच्या देखत करू नये. पुढे त्याची गोष्ट कोणी ऐकत नाही.